माणसाच्या वतीने साक्ष कोणाची?

आमच्या भागात कोणाला अर्धांगवायूचा झटका आला, की "अंगावरून वारे गेले" असे म्हणतात. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या एका पहाटे, आमच्या थोरल्या काकूंच्या अंगावरून असेच वारे गेले. रात्री त्या नेहमीप्रमाणे जेवून निजल्या होत्या. सकाळी हाक मारली, तेव्हा उजवा हात उचलेना आणि तोंडातून शब्द फुटेना. गाडी मिळवून जिल्ह्याच्या गावी पोहोचेपर्यंत दुपार झाली. तेथले डॉक्टर वयस्क होते आणि बोलायला मोकळे होते. ते म्हणाले, "झटका रात्री नेमका केव्हा आला हे कळायला मार्ग नाही. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ टळून गेली." मी न राहवून विचारले, "मग मेंदू वाचवणारे दुसरे काहीच औषध नाही का, डॉक्टरसाहेब?" ते किंचित हसले आणि म्हणाले, "आहेत की! शेकड्यांनी आहेत. पण ती उंदरांसाठी."

काकू पुढे सहा वर्षे जगल्या. शब्द मात्र पुरते परत आले नाहीत. डॉक्टरांचे ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. मी इतिहासाचा विद्यार्थी. वैद्यकाशी माझा संबंध रोग्याच्या नातेवाइकाला असतो तेवढाच. परंतु उंदरावर गुण देणारे औषध माणसावर का चालत नाही, या प्रश्नाचा माग काढू लागलो, तेव्हा असे दिसून आले की हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच साक्षीपुराव्याचाही आहे, आणि साक्षीपुराव्याशी आमचा रोजचा संबंध. बखरीवर किती विश्वास ठेवावा आणि अस्सल पत्रावर किती, हे राजवाड्यांनी आम्हाला शिकवले. साक्षीदार कोण, तो कोठे उभा होता, त्याला काय दिसू शकत होते आणि काय दिसणे शक्यच नव्हते, हे आधी पाहावयाचे आणि मग त्याचे म्हणणे ऐकावयाचे. जिवंत माणसाच्या मेंदूची धमनी मुद्दाम बंद करून पाहता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्या कोणा प्राण्याला बोलावे लागते. तो प्राणी कोणता असावा, याचा इतिहास फार जुना आहे आणि त्याचा आरंभच एका खोट्या साक्षीने होतो.

*

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाचा थोर वैद्य होऊन गेला. माणसाचे प्रेत फाडून पाहण्याची सोय त्याला नव्हती. त्याने माकडे फाडली, डुकरे फाडली, बैल फाडले. बैलाच्या मेंदूच्या तळाशी त्याला बारीक धमन्यांचे एक दाट जाळे आढळले. मानेतून वर गेलेली धमनी तेथे असंख्य फाट्यांत विभागते आणि ते फाटे पुन्हा एकत्र येऊन मेंदूत शिरतात. याला पुढे 'अद्भुत जाळे' असे नाव पडले. शरीरातील प्राणवायूचे रूपांतर या जाळ्यात होऊन त्यातून बुद्धी आणि चलनवलन यांचा सूक्ष्म वायू सिद्ध होतो, असे गेलनने मांडले. आपल्या खेड्यातल्या माणसाने अर्धांगाला 'वारे' म्हणावे आणि रोमच्या वैद्यानेही मेंदूत वायूच पाहावा, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो.

पण माणसाच्या मेंदूखाली असे जाळे नाही. गेलनने बैलाची गोष्ट माणसाच्या नावावर लिहिली, आणि सुमारे तेराशे वर्षे ती कोणी तपासून पाहिली नाही. बोलोन्याच्या बेरेंगारिओ दा कार्पीने सोळाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत जाहीर केले की, पुष्कळ शोधूनही हे जाळे आपल्याला माणसात सापडले नाही. अँड्रियास वेसालियसने १५३८ साली छापलेल्या आपल्या तक्त्यांत ते जाळे काढले होते. पाच वर्षांनी, १५४३ च्या महाग्रंथात, त्याने ते नाकारले आणि एक कबुलीही दिली. विद्यार्थ्यांना हे जाळे दाखवावयाचे म्हणून तो माणसाच्या डोक्याबरोबर कोकराचे किंवा बैलाचे डोके जवळ ठेवीत असे! अधिकारी पुरुषाचा शब्द खरा ठरावा म्हणून साक्षीदार बदलावयाचा, असा तो प्रकार होता.

या जाळ्याची गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. मेंढी, बकरी, डुक्कर यांच्यात ते खरोखरच आहे. आज कोणाला माणसासारखा वळ्यावळ्यांचा मेंदू हवा म्हणून डुकरावर किंवा मेंढीवर पक्षाघाताचा प्रयोग करावयाचा झाला, तर मानेच्या धमनीतून बारीक नळी सरकवत मेंदूपर्यंत जाता येत नाही. वाटेत ते जाळे आडवे येते. मग कवटी उघडूनच धमनी गाठावी लागते. गेलनला ज्याने चकवले, त्याच जाळ्याला आजचा संशोधकही वळसा घालून जातो.

*

अर्धांगवायू म्हणजे वारे नव्हे, रक्ताचा घोटाळा आहे, हे सतराव्या शतकात कळू लागले. योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने १६५८ साली झटक्याने मेलेल्यांची प्रेते तपासून मेंदूत रक्तस्राव झाल्याचे दाखवले. त्यानंतर सहा वर्षांनी, १६६४ साली, इंग्रज वैद्य थॉमस विलिस याचा मेंदूवरचा ग्रंथ निघाला. शवविच्छेदनात त्याला रिचर्ड लोअरचे साहाय्य होते आणि त्यातील आकृत्या काढण्यास क्रिस्टोफर रेनचा हात लागला होता. लंडनचे सेंट पॉल मंदिर पुढे ज्याने बांधले, तोच हा रेन. मेंदूच्या तळाशी चार मोठ्या धमन्या येतात आणि त्या एकमेकींना जोडून एक कडे तयार होते, त्याला आजही विलिसचेच नाव आहे. एका धमनीत रंगीत पाणी सोडले, तर ते कड्यातून फिरून दुसऱ्या बाजूस उतरते, हे विलिसने पाहिले. एका मृत माणसाची उजव्या बाजूची मानेतील धमनी जवळजवळ बंद झालेली त्याला आढळली. तरीही त्या माणसाला पक्षाघात झालेला नव्हता. वाड्याचा दिंडी दरवाजा लागला, तर परसदाराने पाणी आत यावे, तशी ही निसर्गाची व्यवस्था आहे.

ही व्यवस्था सर्व प्राण्यांत सारखी असती, तर प्रश्न सोपा झाला असता. लंडनचा प्रसिद्ध शल्यवैद्य सर ॲस्टली कूपर याने १८३६ साली सशांच्या आणि कुत्र्यांच्या मानेतील धमन्या बांधून पाहिल्या. सशाच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या बांधून मणक्याजवळच्या दोन धमन्या अंगठ्याने दाबल्या, की ससा तडफडे, श्वास थांबे. अंगठा काढला की पुन्हा सावरे. कुत्रा मात्र चारही धमन्या बांधल्या तरी जगे. त्याच्या कवटीबाहेरच्या आणि आतल्या धमन्यांमध्ये इतक्या वाटा आहेत, की चार बंद केल्या तरी पाचवी सापडते.

आता या दोघांपैकी माणसाच्या वतीने कोणी बोलावे? कुत्र्याला विचारले तर तो म्हणेल, "मान बांधल्याने काही होत नाही." सशाला विचारले तर तो उलट सांगेल. दोघेही खरेच बोलत आहेत. प्रत्येक जण आपल्या डोक्यातल्या वाटांची हकिगत सांगतो आहे. माणूस या दोघांच्या मध्ये कोठेतरी आहे, आणि तोही प्रत्येक माणसागणिक वेगळा. विलिसचे कडे पुष्कळ माणसांत पुरते जुळलेले नसते. म्हणून एकाच जागी गुठळी अडकली, तरी एकाचा हात जातो आणि दुसरा चालत घरी जातो.

*

विसाव्या शतकाच्या मध्यास प्रयोगशाळांत पांढऱ्या उंदरांचे राज्य सुरू झाले होते. परंतु उंदराची मानेतील एक धमनी बांधून त्याच्या मेंदूला इजा होत नाही. कडे पुरते असल्यामुळे रक्त दुसरीकडून येते. म्हणून लेव्हाइन या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९६० साली धमनी बांधण्याच्या जोडीला उंदराच्या श्वासातला प्राणवायू कमी केला. तेव्हा कोठे बांधलेल्या बाजूचा मेंदू सुकला. ही युक्ती उपयुक्त होती, पण पक्षाघाताच्या रोग्याचा श्वास कोणी आधी कोंडलेला नसतो.

मग १९६६ साली याच लेव्हाइनने, पायान याच्या सहकार्याने, एका वेगळ्याच प्राण्याची साक्ष काढली. मंगोलियाच्या माळरानावरचा हा छोटा, लांब शेपटीचा, उड्या मारणारा जर्बिल. याच्या मेंदूखालचे कडे मागच्या बाजूला तुटलेले असते. पुढच्या आणि मागच्या धमन्यांना जोडणारा दुवाच त्याला नाही. मानेतील एक धमनी बांधली की काही जर्बिलांना सरळ अर्धांगवायू होतो. शल्यकर्म चार मिनिटांचे, प्राणी स्वस्त, हातात मावणारा. पुढची पंचवीस वर्षे जर्बिलावर ढीगभर प्रयोग झाले. त्याच्या ठायी ज्या उणिवेमुळे प्रयोग सोपा झाला, ती उणीव बहुतेक माणसांत त्या प्रमाणात नसते, ही गोष्ट सोयीपुढे मागे पडली.

त्याच सुमारास जपानमध्ये क्योटो येथे दुसराच विचार चालू होता. आपण धमनी बांधावयाची आणि मग त्याला पक्षाघात म्हणावयाचे, यापेक्षा ज्याला आपोआप पक्षाघात होईल असा प्राणीच का घडवू नये? ओकामोटो आणि आओकी यांनी १९६३ साली निवड करकरून असे उंदीर तयार केले की ज्यांचा रक्तदाब उपजतच चढा. त्यांपैकी जे पक्षाघाताने मेले, त्यांची पिल्ले पुढे जोपासत १९७४ साली ओकामोटो, यामोरी आणि नागाओका यांनी अशी उपजात सिद्ध केली की तिच्यातील बहुसंख्य उंदरांना वयात आल्यावर झटका येतोच. पिण्याच्या पाण्यात मीठ घातले की तो लवकर येतो. आहारात चांगली प्रथिने वाढवली की लांबतो. लोणची आणि खारट रस्से आवडीने खाणाऱ्या जपानी माणसाविषयी हा उंदीर बरेच काही खरे सांगून गेला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र झटका कोणत्या दिवशी, मेंदूच्या कोणत्या भागात येईल, हे त्याच्याकडून सांगता येत नाही. औषध केव्हा द्यावयाचे आणि किती भाग वाचला हे मोजावयाचे असेल, तर हा साक्षीदार कुचकामी. तो रोग का होतो ते सांगतो. झाल्यावर काय करावे ते सांगत नाही.

*

माणसाच्या सर्वांत जवळचा साक्षीदार म्हणजे माकड. लंडनला लिंडसे सायमन आणि त्यांचे सहकारी १९७० नंतरच्या दशकात बबून माकडांवर काम करीत होते. मेंदूची मधली धमनी अडवावयाची आणि मग मेंदूच्या प्रत्येक भागात किती रक्त पोहोचते, ते तेथील विद्युत्क्रियेशी ताडून पाहावयाचे, अशी त्यांची रीत. त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. निरोगी मेंदूत दर शंभर ग्रॅमला मिनिटास सुमारे पन्नास घनसेंटिमीटर रक्त फिरते. ते पंधरा ते वीसच्या आसपास उतरले, की पेशी गप्प होतात. विजेचा संदेश थांबतो. पण त्या मेलेल्या नसतात. रक्त दहाच्या खाली गेले, की मग पेशींच्या भिंती ढासळतात आणि आतले पोटॅशियम बाहेर वाहू लागते. या दोन पायऱ्यांच्या मध्ये मेंदूचा एक पट्टा असतो. तो मुका असतो, पण जिवंत असतो. आस्ट्रुप, सीशो आणि सायमन यांनी १९८१ साली त्याला ग्रहणाच्या भाषेतले नाव लोकांसमोर मांडले: उपच्छाया. आपल्या पंचांगात छायाकल्प ग्रहण लिहिलेले असते, त्यातलीच ही कल्पना. पूर्ण अंधार नाही आणि उजेडही नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत शुद्धीवर असलेल्या माकडांवरील प्रयोगांतून दुसरा दुवा जुळला. रक्त किती उतरले एवढेच पाहून भागत नाही, ते किती वेळ उतरलेले राहिले हेही पाहावे लागते. थोडे उतरले तर मेंदू काही तास तग धरतो; फार उतरले तर तेवढा अवधी मिळत नाही. काकूंच्या वेळी डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले, त्या पाहण्यामागे ही माकडे उभी होती, हे मला फार उशिरा कळले.

माकड इतके चांगले साक्षीदार असेल, तर मग सगळे प्रयोग त्याच्यावरच का केले नाहीत? खर्च हे एक कारण. थोड्या माकडांवरून अनुमान काढणे धोक्याचे, हे दुसरे. तिसरे कारण अंतःकरणाचे आहे, आणि त्यात आपल्या देशाचा संबंध येतो. जगातल्या प्रयोगशाळांना लाल तोंडाची माकडे पुरवणारा मोठा देश म्हणजे भारत. ही माकडे कोणत्या प्रयोगांत वापरली जातात याविषयी आक्षेप उठल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७८ साली त्यांची निर्यात थांबवली. मारुतीचे देऊळ गावोगाव असलेल्या देशाने हा निर्णय घेतला, याचे नवल वाटावयास नको. त्यापूर्वीच १९६० साली आपल्या संसदेने प्राण्यांच्या छळाला आळा घालणारा कायदा केला होता आणि प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद त्यात होती. या कायद्यामागची मोठी प्रेरणा नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची. माकड जवळचा म्हणून त्याची साक्ष मोलाची, आणि जवळचा म्हणूनच त्याला पिंजऱ्यात उभे करताना मन कचरते. हा पेच कोणत्याही आकडेमोडीने सुटत नाही.

*

अखेर बहुतेक काम उंदरावर आले. ग्लासगोच्या टामुरा आणि मंडळींनी १९८१ साली उंदराची कवटी बाजूने उघडून मधली धमनी कायमची बंद करण्याची पद्धत बसवली. पुढे १९८६ साली जपानच्या कोइझुमी यांनी कवटी न उघडण्याची युक्ती काढली आणि १९८९ साली लोंगा यांनी ती सुधारली: मानेतल्या धमनीतून नायलॉनचा बारीक दोरा आत सरकवत न्यावयाचा, त्याचे टोक मधल्या धमनीचे तोंड अडवते. दोरा ओढून घेतला की रक्त पुन्हा सुरू. या कौशल्याने जगभरच्या प्रयोगशाळा जिंकल्या.

उंदराच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्याच्या धमन्यांची ठेवण माणसाशी जुळते आणि वाटेत अद्भुत जाळे नाही. पण त्याचा मेंदू दोन ग्रॅमचा, माणसाचा सुमारे चौदाशे ग्रॅमचा. त्याचा मेंदू गुळगुळीत, आपला वळ्यांचा. आपल्या मेंदूचा जवळजवळ निम्मा भाग म्हणजे पांढऱ्या तंतूंचे जाळे. उंदरात ते अगदीच थोडे. धूसर भाग वाचवणारे औषध तंतूंचे काय करील, हे उंदीर सांगू शकत नाही, कारण त्याच्याजवळ ते जेमतेम आहेत. छोट्या उंदरांत तर दोन शुद्ध वंशांतसुद्धा धमन्यांच्या आडवाटा इतक्या वेगळ्या असतात, की तीच धमनी बंद केल्यावर एकाचा मेंदू थोडा मरतो, दुसऱ्याचा पुष्कळ.

साक्ष कशी फसते याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. मेंदूच्या पेशींना रक्त मिळेनासे झाले, की त्या एक उत्तेजक द्रव्य भरमसाट सोडतात आणि त्यानेच स्वतः मरतात, असे १९८० नंतर ध्यानात आले. त्या द्रव्याचे दार बंद करणारे एमके-८०१ नावाचे औषध निघाले. जर्बिलांवर त्याने चमत्कार केला! पुढे १९९० साली बुकॅन आणि पल्सिनेली यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. औषधाने गुंगी येऊन जर्बिल थंड पडत होता. त्यांनी त्याला ऊब देऊन त्याचे तापमान नेहमीएवढे राखले. चमत्कार नाहीसा झाला. जर्बिलाला वाचवीत होता तो थंडावा. मायामीच्या बुस्टो आणि सहकाऱ्यांनी १९८७ सालीच दाखवले होते की, मेंदूचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरले तरी इजा कितीतरी कमी होते. ओंजळीएवढ्या प्राण्याचे अंग चटकन गार पडते. माणसाचे तसे पडत नाही.

याच्या उलट, जेथे साक्षीदार आणि प्रश्न यांचे नेमके जुळले, तेथे फळ आले. गुठळी विरघळवणारे औषध पक्षाघातात चालेल का, हे पाहण्यासाठी झिविन आणि सहकाऱ्यांनी दोरा किंवा चिमटा वापरला नाही. त्यांनी सशाच्या मेंदूकडे रक्ताच्याच बारीक गुठळ्या सोडल्या आणि मग औषध दिले. हे १९८५ साली प्रसिद्ध झाले. दहा वर्षांनी अमेरिकेत ६२४ रोग्यांवर कसोटी झाली: तीन तासांच्या आत औषध मिळालेले लोक तीन महिन्यांनी धडधाकट किंवा जवळजवळ धडधाकट असण्याचा संभव निदान तीस टक्क्यांनी जास्त. मेंदूत रक्तस्रावाचा धोकाही वाढला, ०.६ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर. पुढे २००८ साली ती मुदत साडेचार तासांपर्यंत नेता आली. ससा बुद्धीने किंवा मेंदूच्या आकाराने माणसाच्या जवळ नाही. पण गुठळी विरघळते का आणि मेंदू वाचतो का, एवढेच त्याला विचारले होते, आणि तेवढे त्याला ठाऊक होते.

*

बाकीच्या औषधांचे काय झाले? अपयशांची रांग पाहून १९९९ साली संशोधक आणि औषध कंपन्या एकत्र बसल्या आणि त्यांनी नियम सुचवले. औषध आधी उंदरावर, मग वळ्यांच्या मेंदूच्या मोठ्या प्राण्यावर पाहावे. म्हाताऱ्या आणि रोगट प्राण्यांवर पाहावे, माद्यांवरही पाहावे. झटक्यानंतर उशिरा देऊन पाहावे. कोणत्या प्राण्याला औषध मिळाले हे मोजणाऱ्याला कळू देऊ नये. हे नियम पाळणारे म्हणून एनएक्सवाय-०५९ हे औषध पुढे आले. त्याच्यासाठी मार्मोसेट नावाच्या चिमुकल्या माकडाचीही साक्ष काढली होती. माकड म्हटले की आपल्याला जवळचा नातेवाईक वाटतो. पण मार्मोसेटचा मेंदू उंदरासारखाच जवळजवळ गुळगुळीत. २००६ साली पहिल्या चाचणीत थोडा गुण दिसला, २००७ साली तीन हजारांहून अधिक रोग्यांच्या दुसऱ्या चाचणीत काहीच नाही. नंतर जुने प्रयोग पुन्हा तपासले, तेव्हा आढळले की जेथे चिठ्ठ्या टाकून प्राण्यांची वाटणी केली होती, तेथे औषधाचा गुण कमी होता. जेथे केली नव्हती, तेथे जास्त.

डॉक्टरांचे 'शेकड्यांनी' हे शब्दशः खरे होते. ऑस्ट्रेलियातील ओ'कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मोजदाद केली. पक्षाघातावर सुचवलेले उपाय १,०२६. त्यांपैकी माणसावर वापरून पाहिलेले ११४. जे ११४ निवडले, ते न निवडलेल्यांपेक्षा प्राण्यांवर काही अधिक गुणकारी होते असेही नाही! म्हणजे साक्षी तपासून निवड झाली नव्हती. सेना आणि मंडळींनी २०१० साली ५२५ शोधनिबंध पाहिले. त्यांत "काही गुण आला नाही" असे सांगणारे अवघे दहा. फसलेल्या प्रयोगांचे कागद दप्तरात पडून राहिले आणि यशाची बखर तेवढी छापून आली.

हे वाचून कोणी म्हणतात, उंदरावरचे प्रयोगच व्यर्थ. मला हे नाचता येईना अंगण वाकडे असे वाटते. उंदीर खोटे बोलला नव्हता. त्याला विचारले काय होते? तरणाबांड, निरोगी, नर, दहा मिनिटांत औषध मिळालेला उंदीर चोवीस तासांनी कसा आहे, एवढेच. आणि त्यावरून उत्तर काढले काय? सत्तरीची, रक्तदाबाची, मधुमेहाची, सहा तासांनी दवाखान्यात पोहोचलेली बाई तीन महिन्यांनी बोलू लागेल की नाही. बैलाचे जाळे माणसाच्या नावावर लिहिणाऱ्या गेलनला निदान दुसरा मार्ग नव्हता. आम्हाला होता.

अलीकडे ही चूक सुधारण्याचा एक मोठा यत्न झाला. अमेरिकेत सहा प्रयोगशाळांनी मिळून सहा उपाय तपासले. त्यांत म्हातारे, लठ्ठ आणि चढ्या रक्तदाबाचे प्राणी होते, नर होते आणि माद्याही होत्या. चिठ्ठ्या टाकून वाटणी केली, आणि प्राणी कसा चालतो-वळतो त्याची मोजणी करणाऱ्यास औषध कोणते ते ठाऊक नव्हते. २०२३ साली निकाल छापला: २,६१५ उंदीर. सहांपैकी एकच उपाय, युरिक आम्ल, ठरवलेली मर्यादा ओलांडून गेला. आणि माणसांवरच्या २०१४ सालच्या एका चाचणीत त्याचाही निर्णायक गुण दिसला नव्हता. हा निकाल फारसा आनंदाचा नाही. पण तो प्रामाणिक आहे, आणि साक्षीपुराव्याच्या शास्त्रात प्रामाणिक 'नाही'ला फार किंमत असते.

एक गोष्ट मात्र गमतीची घडली. दोरा घालून धमनी अडवणे आणि मग ओढून घेणे हे माणसाच्या रोगासारखे मुळीच नाही, असा आक्षेप त्या पद्धतीवर पुष्कळ वर्षे घेतला जाई. कारण माणसात गुठळी अशी एका क्षणात निघून जात नसे. २०१५ साली एकापाठोपाठ एक आलेल्या चाचण्यांनी सिद्ध केले की, मोठ्या धमनीत अडकलेली गुठळी जांघेतून नेलेल्या तारेने ओढून काढली तर रोगी सावरतो. तेव्हापासून त्या रोग्याच्या मेंदूत जे घडते, ते दोऱ्याच्या उंदरासारखेच: बंद आणि एकदम उघडे. साक्षीदार तोच राहिला आणि रोगच त्याच्याजवळ चालत आला.

काकूंच्या आजारानंतर माझ्या मनात एक प्रश्न होता: इतके प्राणी मारून काय मिळाले? आता वाटते, प्रश्न थोडा वेगळा विचारावयास हवा. ज्या प्राण्याची निवड प्रश्न पाहून केली, ज्याची हकिगत पुरती लिहून ठेवली, गुण आला नाही तरी लपवली नाही, त्याचे मरण कामी आले. काकूंसाठी जी साडेचार तासांची मुदत होती, तीही सशाने आणि माकडाने मिळवून दिलेली. पण ज्याची निवड तो स्वस्त होता, हातात मावत होता, म्हणून केली आणि ज्याला असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हतेच, तो प्राणी फुकट मेला. त्याहून मोठा छळ मला सुचत नाही. आणि त्यात प्राण्याबरोबर रोगीही फसला.

आमच्या गावी अजूनही लोक म्हणतात, "वारे गेले." मी आता त्यांना एवढेच सांगतो की, वारे म्हणा, काही म्हणा, पण तोंड वाकडे झालेले दिसले, हात उचलेना, शब्द अडखळला, की आधी घड्याळ पाहा आणि गाडी काढा. माणूस शेवटचा धड बोलला तेव्हा किती वाजले होते, ते डॉक्टरांना सांगता आले पाहिजे.